आर्गन वेल्डिंग : यंत्राची मांडणी, वापर व निगा

शेतकऱ्याच्या घरांतील धातूच्या वस्तू गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ बदलल्या. पूर्वीं नांगराचा फाळ, कुळवाची पास, गाडीची धांव आणि मोटेचें कडें एवढ्यांतच लोहाराचें काम आटोपत असे. आज गोठ्यांत स्टेनलेस स्टीलचे दुधाचे कॅन आहेत, दूध काढण्याच्या यंत्राची बादली आहे. द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागांत फवारणीचीं यंत्रें आहेत. ट्रॅक्टरच्या व पंपांच्या कित्येक भागांत ॲल्युमिनियम आलें आहे. हे धातू भात्याच्या निखाऱ्यावर जोडले जात नाहींत, आणि साध्या रॉडच्या वेल्डिंगनें त्यांचे पातळ पत्रे जळून भोंकें पडतात. अशा कामासाठीं तालुक्याच्या गांवीं ज्यास 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात ती पद्धति उपयोगी पडते. तिचें पूर्ण नांव टंगस्टन इनर्ट गॅस वेल्डिंग असें असून आद्याक्षरांवरून तिला टिग म्हणतात.

हीं यंत्रें पूर्वीं मोठ्या कारखान्यांतच असत. आतां हातानें उचलून नेतां येतील अशीं व घरगुती २३० व्होल्टच्या विजेवर चालणारीं यंत्रें बाजारांत मिळत असल्यामुळें बागाईतदार, दूध संस्था व अवजारें भाड्यानें देणारे गट यांस तीं घेणें शक्य झालें आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु यंत्र घरीं आल्यावर दोन प्रकारचें नुकसान संभवतें. एक, चुकीचें यंत्र घेतल्यामुळें किंवा पूर्वतयारी न केल्यामुळें पैसा व वस्तू हीं दोन्ही वायां जातात. दुसरें, डोळे, फुप्फुसें किंवा प्रत्यक्ष जीव यांस अपाय होतो. ह्या दोहोंचें मूळ बहुधा एकाच ठिकाणीं असतें. टिगमध्यें जोड चांगला उतरणें आणि काम करणारा सुखरूप राहणें हीं दोन्ही बहुतांशीं ज्योत पेटण्याच्या आधींच ठरतात. तेव्हां त्या आधींच्या कामास किती महत्त्व आहे हें वाचकांच्या ध्यानीं यावें म्हणून पुढील माहिती क्रमवार दिली आहे.

कृति कशी चालते

टिगच्या हातदांड्यास टॉर्च म्हणतात. त्यांत टंगस्टन धातूची बारीक कांडी बसविलेली असते. ही कांडी आणि जोडावयाची वस्तू यांमध्यें विजेची ज्योत निर्माण होते व तिच्या उष्णतेनें वस्तूचे कांठ वितळून एकजीव होतात. पोलाद सुमारें १,४०० ते १,५३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतें. टंगस्टनला ३,४२२ अंश लागतात. म्हणून कांडी स्वतः वितळत नाहीं. भर घालावयाची झाल्यास दुसऱ्या हातानें वेगळी तार त्या रसांत बुडवावी लागते. साध्या वेल्डिंगमध्यें रॉडच वितळून भर पडते, आणि रॉडवरील लेप जळून त्याचा वायु व मळी रसाचें हवेपासून रक्षण करितात. टिगमध्यें हा लेप नसतो. तेथें रक्षणाचें सर्व काम टॉर्चच्या मुखांतून वाहणारा आर्गन वायु करितो.

आर्गन हा आपल्या सभोंवतालच्या हवेंतीलच वायु आहे. हवेच्या शंभर भागांत तो सुमारें ०.९३ भाग असतो. लॉर्ड रॅले व विल्यम रॅम्से यांनीं १८९४ मध्यें तो शोधून काढला. तो इतर पदार्थांशीं संयोग पावत नाहीं, म्हणून ग्रीक भाषेंतील 'आळशी' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. आणि ह्याच गुणामुळें तो वितळलेल्या धातूवर पांघरूण घालण्यास योग्य ठरला. अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीचे रसेल मेरेडिथ यांनीं विमानाचे मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठीं हेलियम वायु वापरून ही पद्धति सिद्ध केली व १९४२ मध्यें तिचें पेटंट मिळालें. पुढें बहुतेक ठिकाणीं हेलियमच्या जागीं आर्गन रूढ झाला.

रॉडच्या लेपांत थोडाफार गंज व मळ ओढून घेण्याची शक्ति असते. आर्गनमध्यें ती नाहीं. जोडावर तेल, रंग, गंज किंवा कॅनच्या आंतील दुधाचा खडा राहिला तर तो तसाच रसांत मिसळतो, जोडास बारीक छिद्रें पडतात आणि कांडीचें टोंकहि बिघडतें. म्हणून घांसूनपुसून घेणें हा ह्या कृतीचाच भाग समजावा.

यंत्राची निवड

बाजारांत दोन जातींचीं यंत्रें मिळतात : केवळ डी.सी. प्रवाह देणारीं, आणि ए.सी. व डी.सी. असे दोन्ही प्रवाह देणारीं. साधें लोखंड, स्टेनलेस स्टील व तांबें हीं डी.सी.वर जोडलीं जातात. ॲल्युमिनियमला मात्र सामान्यतः ए.सी. लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. परंतु त्याच्या अंगावर सदैव असणारा ऑक्साइडचा पापुद्रा वितळण्यास सुमारें २,०७० अंश लागतात. त्यामुळें आंतल्या धातूचें पाणी झालें तरी वरचा पापुद्रा दुधावरील सायीसारखा तसाच राहतो व दोन कांठ एकमेकांत मिळत नाहींत. ए.सी. प्रवाहाच्या अर्ध्या फेऱ्यांत हा पापुद्रा फुटून निघतो व उरलेल्या अर्ध्या फेऱ्यांत धातू तापतो. स्वस्त यंत्रें बहुधा डी.सी.चींच असतात. ॲल्युमिनियमचे कॅन जोडण्याच्या हेतूनें तसें यंत्र घेतल्यास सारा पैसा अडकून पडतो. सबब पैसे देण्यापूर्वीं यंत्राच्या पाटीवर ए.सी. प्रवाहाचा उल्लेख आहे कीं नाहीं तें वाचावें, आणि विक्रेत्याकडून आपल्यासमोर ॲल्युमिनियमचे दोन तुकडे जोडून घ्यावे.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे पाटीवरील 'ड्यूटी सायकल'. "२०० अँपिअरला ६० टक्के" याचा अर्थ असा कीं, ४० अंश उष्णतेच्या हवेंत तें यंत्र २०० अँपिअरवर दर १० मिनिटांपैकीं ६ मिनिटेंच चालवावें व ४ मिनिटें विसावूं द्यावें. विदर्भांत व मराठवाड्यांत वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ४० अंशांहूनहि अधिक उष्णता असते. तेथें विसावा त्याहून जास्त हवा.

तिसरी गोष्ट ज्योत पेटविण्याच्या रीतीची. कांहीं यंत्रांत कांडी वस्तूस टेंकवून उचलावी लागते. कांहींत उच्च कंपनाच्या ठिणगीनें न टेंकवितां ज्योत पेटते. दुसरी रीत सोयीची आहे व तिनें कांडीचें टोंक स्वच्छ राहतें. परंतु ज्याच्या छातींत पेसमेकर बसविला आहे अशा मनुष्यानें आपल्या डॉक्टरांच्या संमतीवांचून अशा यंत्राजवळ जाऊं नये. ठिबक सिंचनाचें स्वयंचलित नियंत्रक यंत्रहि ह्या ठिणगीनें बिघडूं शकतें. तें दूर असावें.

नांगर, कुळव, ट्रेलर यांसारखीं जाड लोखंडी कामें रॉडच्या वेल्डिंगनें अधिक लवकर व कमी खर्चांत होतात. त्यांसाठीं टिग घेण्याचें कारण नाहीं.

जागा व विजेची जोडणी

जागा कोरडी, सावलीची व वारा थेट न लागणारी असावी. उघड्या शेतांत वाऱ्याची झुळूक आली तरी आर्गनचें पांघरूण उडून जातें व जोड काळा पडतो. तथापि खोली बंदहि असूं नये. दारें-खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्या आणि पंखा लावणें झाल्यास तो टॉर्चवर न रोखतां खोलींतील हवा बाहेर जाईल असा लावावा. कडबा, भुसा, बारदान, डिझेल व खतांचीं पोतीं यांच्यापासून जागा निदान १० मीटर दूर असावी. टिगमध्यें ठिणग्या फारशा उडत नाहींत म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु तापलेला तुकडा खालीं पडून धुमसत राहूं शकतो. पाण्याची बादली, वाळू व कोरड्या पुडीचें अग्निशामक जवळ ठेवावें आणि काम संपल्यावर अर्धा तास जागेवर नजर ठेवावी. पाण्याची बादली फक्त विझविण्यासाठीं आहे. चालू विजेच्या यंत्रावर पाणी टाकूं नये.

यंत्र भर कामांत असतां विजेच्या जोडणींतून किती प्रवाह ओढतें तो आंकडा त्याच्या पाटीवर दिलेला असतो. २०० अँपिअरचें एकफेजी यंत्र २५ ते ३० अँपिअरपर्यंत ओढूं शकतें. घरांतील १६ अँपिअरचा सॉकेट त्यास पुरा पडत नाहीं. तारा तापतात व आग लागण्याचा संभव असतो. परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एम.सी.बी. व गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका बसवून घ्यावा.

येथें एका शब्दानें घोटाळा होतो. वस्तूस लावावयाच्या चिमट्यास कारखान्यांत 'अर्थ' म्हणतात. आणि यंत्राच्या पेटीस जमिनीशीं जोडणाऱ्या तारेसहि 'अर्थिंग'च म्हणतात. हीं दोन कामें निरनिराळीं आहेत. चिमटा ज्योतीचा प्रवाह परत नेतो. यंत्राच्या पेटींत वीज उतरल्यास माणसाचा जीव वांचविण्याचें काम अर्थिंगची तार करिते. चिमटा लावला म्हणजे अर्थिंग झालें असें कधींहि समजूं नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाइपास तार गुंडाळून अर्थिंगची वेळ मारून नेण्याची चाल घातक आहे.

चिमटा जोडाच्या अगदीं जवळ, घांसून चकचकीत केलेल्या जागीं लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह वाटेंतील बेअरिंगमधून जातो व त्यांच्या गोळ्यांस चट्टे पडतात. ट्रॅक्टरवरील भाग जोडावयाचा असल्यास प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या.

ज्योत नसतांनाहि कांडी व चिमटा यांमध्यें बहुधा ६० ते ८० व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हातास तो सहसा जाणवत नाहीं, परंतु घामानें भिजलेला हात व पावसाळ्यांतील ओली जमीन असेल तर तेवढाहि प्राणघातक होऊं शकतो. पायांखालीं कोरडी फळी किंवा रबरी चटई, पायांत कोरडे बूट व हातांत कोरडे चामडी मोजे असावे. कांडी बदलतांना यंत्र बंद करावें. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास हात न लावतां आधीं मुख्य खटका पाडावा. नंतर श्वास चालत नसल्यास छातीवर दाब देणें सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आर्गनचा सिलिंडर

टिगसाठीं शुद्ध आर्गन लागतो. दुसऱ्या जातीच्या तारयंत्रासाठीं वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचें मिश्रण येथें चालत नाहीं; त्यानें टंगस्टनचें टोंक क्षणांत जळतें. सिलिंडरच्या रंगावर विसंबूं नये, त्यावरील नांव वाचावें. मोठ्या सिलिंडरांत सुमारें १५० किलो दर चौरस सेंटिमीटर इतक्या दाबानें साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर, वायु कोंडलेला असतो. मिनिटास ८ लिटर ह्या मानानें तो सुमारें साडेचौदा तास पुरतो. बहुतेक कामांस ६ ते १० लिटर पुरेसे होतात. वायु जास्त सोडला म्हणजे जोड अधिक चांगला होतो अशी समजूत आहे. वस्तुतः जोराच्या प्रवाहांत भोंवरे उठून बाहेरची हवा आंत ओढली जाते.

सिलिंडर उभा ठेवून सांखळीनें भिंतीस किंवा गाडीस बांधावा. हलवितांना रेग्युलेटर काढून वर टोपी घालावी. तो आडवा लोटीत नेऊं नये, कारण वरची तोटी मोडल्यास दाबाच्या जोरानें तो बाणासारखा सुटतो. तोटी उघडतांना बाजूस उभें राहावें व ती हळू उघडावी. सांध्यांवर साबणाचा फेंस लावून बुडबुडे येतात काय तें पाहावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आर्गन विषारी नाहीं, परंतु त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो हवेच्या सुमारें १.४ पट जड आहे. म्हणून तो खालीं बसतो व खड्ड्यांत, हौदांत, टाकींत सांचून तेथील प्राणवायूची जागा घेतो. अशा जागीं डोकें घालणाऱ्या माणसास गुदमरल्याचीहि जाणीव होत नाहीं. दोन-चार श्वासांत तो बेशुद्ध पडतो. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नाहीं. आधीं कांहीं वेळ त्यांत हवा खेळूं देतात. तोच नियम येथें लागू आहे. दूध संस्थेची शीतटाकी किंवा पाण्याची मोठी टाकी आंतून जोडण्याचें काम घरच्या यंत्रावर करूंच नये. तें प्राणवायु मोजण्याचें उपकरण, हवा खेळती ठेवणारा पंखा व बाहेर पहाऱ्यास माणूस ठेवणाऱ्या जाणत्या कारागिरांकडे सोंपवावें. आंत कोणी पडला असल्यास त्यास काढण्यासाठीं दुसऱ्यानें तसेंच उतरूं नये. अशा वेळीं एकामागून एक दोघे-तिघे दगावतात. दिवा सोडून पाहण्याची जुनी युक्ति टाकीस लावूं नये. ज्वालाग्राही वाफ असल्यास दिव्यानेंच स्फोट होईल.

टंगस्टनची कांडी

कांडीच्या टोंकावरील रंगावरून तिची जात ओळखतात. लाल रंगाच्या कांडींत थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ सुमारें २ टक्के असतो. कांडी नुसती हातांत धरल्यानें विशेष भय नाहीं, पण तिला धार लावतांना उडणारी धूळ श्वासावाटे आंत जाणें अपायकारक आहे. सोनेरी किंवा निळ्या रंगाची लँथॅनमची व करड्या रंगाची सेरियमची कांडी तें काम तितकेंच चांगलें करिते; म्हणून लाल कांडी घेऊंच नये. पातळ पत्र्यास १.६ मिलिमीटर व त्याहून जाड कामास २.४ मिलिमीटर जाडीची कांडी पुरते.

डी.सी.वर काम करतांना टॉर्च ऋण टोंकास व चिमटा धन टोंकास जोडावा. उलट जोडल्यास उष्णतेचा मोठा वांटा कांडीकडे येऊन तिचा गोळा होतो. कांडीस पेन्सिलीप्रमाणें टोंक काढावें. निमुळता भाग कांडीच्या जाडीच्या दोन-अडीच पट लांब असावा. सहाणेच्या चाकावर कांडी उभी, लांबीच्या दिशेनें धरावी. आडवी धरल्यास टोंकावर गोल चरे पडतात व ज्योत भरकटते. हें चाक कांडीसाठींच राखून ठेवावें, आणि धार लावतांना चष्मा व धुळीचा मुखवटा घालावा.

डोळे, अंग व श्वास

टिगच्या ज्योतीस धुराचा आडोसा नसल्यानें तिच्यांतील अदृश्य जंबुपार किरण फार प्रखर असतात. डोळ्यांस लगेच कांहीं वाटत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. त्यावर बटाट्याच्या फोडी ठेवणें किंवा दूध घालणें असले उपाय करूं नयेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें. काम करतांना १० ते १२ क्रमांकाच्या कांचेचा पूर्ण चेहरा झांकणारा मुखवटा घालावा. गॅस कापण्याचा चष्मा किंवा उन्हाचा चष्मा ह्या कामी उपयोगाचा नाहीं. आपोआप काळी होणारी कांच घेतल्यास ती टिगच्या कमी प्रवाहावरहि काळी होते याची खात्री करून घ्यावी.

अंगांत पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा असावा. टेरिलीनचा कपडा वितळून कातडीस चिकटतो. पांढऱ्या सदऱ्यावरून किरण परावृत्त होऊन मुखवट्याच्या आंत येतात, म्हणून सदरा गडद रंगाचा घालावा. मुलें कुतूहलानें ज्योतीकडे पाहतात. तेव्हां कामाभोंवतीं न पेटणारा जाड पडदा लावावा आणि गुरें तेथून दूर बांधावीं.

धूर दिसत नाहीं म्हणून हवा निर्मळ आहे असें नव्हे. ज्योतीच्या किरणांनीं हवेंत ओझोन निर्माण होतो, आणि स्टेनलेस स्टीलच्या वाफेंत क्रोमियमचें घातक संयुग असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१७ मध्यें वेल्डिंगचा धूर व त्याचे जंबुपार किरण हीं दोन्ही मनुष्यास कर्करोगकारक म्हणून नोंदलीं. म्हणून तोंड ज्योतीच्या थेट वर आणूं नये व हवा खेळती ठेवावी.

काय जोडूं नये

डिझेल, पेट्रोल, रॉकेल किंवा तेल यांचीं पिंपें व टाक्या कितीहि धुतल्या तरी जोडूं नयेत. शिवणीच्या घडींत राहिलेलें थोडेंसें तेल तापून त्याची वाफ होते व पिंप बॉम्बसारखें फुटतें. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यांपासून विषारी वाफ निघते. झांकण घट्ट बसलेला कॅन किंवा दोन्ही तोंडें बंद असलेली पोकळ नळी तापवूं नये; आंतील हवा फुगून ती फुटते. हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी व दाबाखालीं चालणारीं इतर भांडीं परीक्षेवांचून दुरुस्त करूं नयेत.

जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपांच्या धुरानें रात्रीं थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळील मुलामा आधीं घांसून काढावा. तेलकटपणा काढण्यासाठीं ॲसिटोन वापरावें व तें पूर्ण उडून गेल्यावर, बाटली दूर नेऊन, मगच ज्योत पेटवावी. क्लोरीनयुक्त द्रावणें, जीं कांहीं ब्रेक-क्लीनरमध्यें असतात, मुळींच वापरूं नयेत. ज्योतीच्या किरणांनीं त्यांपासून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धांत शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायु तो हाच.

दुधाच्या कॅनचा जोड

उदाहरणादाखल, स्टेनलेस स्टीलचा ४० लिटरचा कॅन बुडाच्या शिवणीजवळ चिरला आहे असें समजूं. प्रथम तो गरम पाणी व धुण्याच्या सोड्यानें आंतबाहेर धुवून वाळवावा. दुधाचा खडा राहिल्यास खरवडून काढावा. चिरेच्या दोन्ही बाजूंस बोटभर रुंदीपर्यंत स्टेनलेस स्टीलच्या ब्रशानें धातू उजळावा. हा ब्रश लोखंडावर कधीं वापरलेला नसावा, नाहींतर लोखंडाचे कण रुतून कॅनवर गंज चढतो. मग ॲसिटोननें पुसावें.

कॅनच्या आंतल्या अंगासहि आर्गन पोहोंचला पाहिजे, हें बहुतेक ठिकाणीं विसरलें जातें. बाहेरून जोड चांदीसारखा दिसतो, पण आंतून हवा लागल्यामुळें तेथें काळी, साखरेच्या दाण्यांसारखी खरखरीत खपली धरते. तींत दूध अडकून जंतू वाढतात व रोज धुतलेल्या कॅनमधलें दूधहि नासतें. म्हणून आंतून चिरेवर ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा लहान बोगदा करून त्यांत दुसऱ्या नळीनें मंद आर्गन सोडावा, व वायु बाहेर जाण्यास बारीक वाट ठेवावी. कॅनमध्यें डोकें घालून पाहूं नये; दुसऱ्या दिशेनें टॉर्चचा उजेड टाकून पाहावें, आणि हा टॉर्च बॅटरीचा असावा हें सांगणें नलगे.

प्रवाहाचा साधारण अंदाज जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर असा धरतात. स्टेनलेस स्टीलला त्याहून थोडा कमी पुरतो. दीड मिलिमीटर पत्र्यास ५० ते ६० अँपिअर लावून आधीं त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. कांडी मुखाबाहेर ३ ते ६ मिलिमीटर असावी व वस्तूपासून तिच्या जाडीइतक्याच अंतरावर धरावी. प्रथम दोन-तीन ठिकाणीं टाके मारावे, म्हणजे पत्रा वांकत नाहीं. टॉर्च किंचित् मागें कलवून पुढें ढकलीत न्यावा. रस दिसूं लागल्यावर त्याच्या पुढच्या कडेस तार हलकेच बुडवून काढावी. तारेचें तापलेलें टोंक आर्गनच्या आंतच राहूं द्यावें. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला ३०८ एल ही तार जुळते. जोड संपल्यावर टॉर्च लगेच उचलूं नये. ज्योत विझल्यावरहि वायु वाहत असतो, तेवढा वेळ तो तेथेंच धरावा.

जोडाचा रंग पाहून त्याची परीक्षा करावी. चांदीचा किंवा गवतासारखा पिंवळा रंग उत्तम, निळा चालण्याजोगा, राखाडी व काळा म्हणजे वायु कमी पडला किंवा उष्णता जास्त झाली. मग जोड घांसून गुळगुळीत करावा, कॅन पाण्यानें भरून गळती पाहावी, आणि पुन्हां धुवूनच वापरांत घ्यावा. रंग काढण्यासाठीं मिळणाऱ्या लेपांत बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतें. तें कातडींतून हाडापर्यंत पोहोंचतें. शेतावर त्याचा वापर करूं नये.

निगा

रोज काम सुरू करण्यापूर्वीं तारांचें आवरण, टॉर्चच्या नळ्या व चिमट्याची पकड पाहावी. गोदामांत उंदीर तारा कुरतडतात. कुरतडलेली तार चिकटपट्टी गुंडाळून न वापरतां बदलावी. टॉर्चचें चिनी मातीचें मुख तडकलें असल्यास टाकून द्यावें. कांडी रसास टेंकली तर काम थांबवून तिला पुन्हां धार लावावी.

महिन्यांतून एकदां यंत्राची वायर सॉकेटमधून काढावी, आंतील विजेचा सांठा उतरण्यासाठीं कांहीं मिनिटें थांबावें, आणि मग कोरड्या हवेच्या मंद झोतानें धूळ काढावी. यंत्राची पेटी उघडणें जाणत्या दुरुस्तीकाराकडेच सोंपवावें. यंत्र गोठ्यांत किंवा खतांच्या खोलींत ठेवूं नये. गोमूत्राच्या व युरियाच्या अमोनियानें तांब्याचे सांधे हिरवे पडून सैल होतात. काम संपल्यावर सिलिंडरची तोटी बंद करून नळींतील वायु सोडून द्यावा. भरीच्या तारा कागदांत गुंडाळून, जातीचें नांव लिहून, कोरड्या जागीं ठेवाव्या.

संस्थांनीं काय करावें

एका शेतकऱ्याकडे अशीं कामें वर्षांतून दहा-पांचच निघतात. तेवढ्यासाठीं प्रत्येकानें यंत्र घेण्यापेक्षां गांवच्या दूध संस्थेनें किंवा अवजार-गटानें ए.सी.-डी.सी. असें एक चांगलें यंत्र घ्यावें आणि गांवांतील एखाद्या तरुणास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करण्यास पाठवावें. यंत्राची किल्ली त्याच्याचकडे असावी. भिंतीवर एक फलक लावावा व त्यावर अर्थिंग, सिलिंडरची सांखळी, हवा, मुखवटा, कडब्याचें अंतर, भांड्यांत पूर्वीं काय होतें, आणि धातू स्वच्छ झाला कीं नाहीं, हे सात प्रश्न लिहून ठेवावे. सातांचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यावांचून ज्योत पेटवूं नये असा नियम संस्थेनें करावा व तो पंचांनींहि पाळावा. असें केल्यास कॅनचे जोड टिकतील, दूध नासणार नाहीं, आणि काम करणारा तरुणहि सुखरूप घरीं परतेल.